पाठीवरचा छोटा पर

आमच्या इथल्या मराठी मंडळाचा अंक काढणाऱ्या जोशीकाकू दोन महिने माझ्या मागे लागल्या होत्या. "अगं, तू बाबांना घेऊन फिशिंगला गेली होतीस ना? लिही की त्याच्यावर. बाकी सगळे त्याच त्या नॅशनल पार्कांवर लिहितात." मी म्हटलं, लिहिते. त्यात काय, चार फोटो, दोन विनोद, शेवटी एक रेसिपी. लिहायला बसले आणि लक्षात आलं की रेसिपीच नाहीये. ज्या कालवणासाठी हा सगळा घाट घातला होता ते कालवण झालंच नाही, आणि झालं नाही ते माझ्यामुळे. तेव्हा काकू, हे लिहिलेलं तुम्हाला आवडलं नाही तर छापू नका, पण मी खोटं लिहिणार नाही.

आधी बाबांबद्दल सांगते. बाबा रेवदंड्याचे, पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालेले. दर रविवारी सकाळी खाडीवर गळ टाकून बसायचे, दुपारी जे मिळेल ते घरी यायचं आणि आई त्याचं कालवण करायची. कधी शेंगाळा, कधी तांबोशी, आणि वर्षातून एकदा नशीब फळफळलं तर जिताडा. जिताडा मिळाला की बाबा गल्लीच्या तोंडापासूनच मला हाका मारत यायचे. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि त्यांनी गळ माळ्यावर टाकला. आई गेली तेव्हा मी रेवदंड्याला गेले नव्हते. माझा व्हिसा रिन्यूअलला अडकला होता. वकील म्हणाला, देशाबाहेर गेलीस तर परत येण्याची गॅरंटी नाही. मी फोनवर रडत बाबांना विचारलं, "येऊ का?" बाबा म्हणाले, "येऊ नको. कागद सांभाळ." मी कागद सांभाळले.

मागच्या वर्षी ते सहा महिन्यांसाठी माझ्याकडे शॉमबर्गला आले तेव्हा उजवा हात थरथरायला लागला होता. पार्किन्सन्स. मुंबईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की वर्षभराने या हातात कपबशी राहिली तरी पुष्कळ म्हणायचं. बाबांनी ते मला जेवताना, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं सांगितलं. मग एक दिवस टीव्हीवर कोणीतरी नदीत उभं राहून सॅमन पकडत होतं, ते बघता बघता म्हणाले, "हात आहे तोवर एकदा हे करायला हवं."

मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे. दुसऱ्या दिवशी ऑक्टोबरचं बुकिंग झालेलं होतं.

बाबांनी एकच अट घातली. "मी पकडणार, मीच रांधणार. तू नुसतं जेवायला बसायचं." बॅगेत रेवदंड्याहून आणलेली मसाल्याची पुडी आणि आमसुलं सगळ्यात वर ठेवली. मसाला आईच्या हातचा नव्हता, पण आईच्या मापाने शेजारच्या मावशीकडून कुटून घेतलेला होता.

शनिवार

नवरा आणि मुलगा शॉमबर्गलाच राहिले. बाबा आणि मी विमानाने सिअ‍ॅटलला उतरलो, तिथून गाडी घेतली आणि पश्चिमेला समुद्राच्या दिशेने निघालो. शेवटचे दोन तास नुसतं जंगल. झाडं एवढी उंच की बाबांनी खिडकीतून मान वर करकरून मान आखडून घेतली. प्रत्येक फांदीवर शेवाळ लोंबतंय, खाली गुडघाभर नेचे, आणि वरून पाऊस. पाऊस म्हणजे धो धो नाही, नुसता भिजवत ठेवणारा. बाबा म्हणाले, "इथे कपडे वाळत कसे घालतात?"

लॉज म्हणजे नदीकाठचं लाकडी घर. चालवणारी मार्था नावाची बाई, सत्तरीची, कंबरेला एप्रन आणि तोंडाने सतत काहीतरी गुणगुणत असलेली. लॉजच्या वाट्याला नदीकाठचा साधारण दोन मैलांचा पट्टा येतो. त्याला इथे बीट म्हणतात. त्या आठवड्यात बीटवर आम्ही दोघं आणि आयडाहोहून आलेले दोन म्हातारे भाऊ, एवढीच माणसं. बाबांनी मार्थाच्या हातात मसाल्याची पुडी आणि आमसुलं दिली आणि हातवारे करून सांगितलं की मासा मिळेल त्या दिवशी स्वयंपाकघर माझं. मार्थाने पुडीचा वास घेतला, तीनदा शिंकली, आणि ती शेल्फवर मिठाच्या डब्याशेजारी ठेवून दिली. आठवडाभर ती तिथेच होती. जेवायला बसलं की समोर दिसायची.

रविवार

आमचा गाइड वॉल्ट. वय बाबांएवढंच, पाठीला किंचित बाक, आणि बोलणं एवढं कमी की पहिल्या तासात मला वाटलं हा आमच्यावर रागावलाय. त्याने आम्हाला छातीपर्यंत येणाऱ्या रबरी विजारी दिल्या. बाबांना ती चढवायला मी आणि वॉल्ट, दोघं लागलो. चढवून झाल्यावर बाबांनी आरशात बघितलं आणि म्हणाले, "तुझी आई असती तर आज जेवली नसती, हसून हसून."

मग वॉल्टने माशी दाखवली. फ्लाय फिशिंग म्हणजे गळाला आमिष नसतंच. रंगीत पिसं आणि चकचकीत दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते आणि माशाने तिच्यावर फसायचं. बाबांनी ती उलटीसुलटी करून बघितली. "पिसं? माशाला पिसं खायला घालायची? ही तर शुद्ध फसवणूक आहे."

"बाबा, इथे असंच असतं."

"आपण निदान खरी कोळंबी तरी देतो. मरताना त्याच्या तोंडात काहीतरी असतं."

हे मी वॉल्टला भाषांतर करून सांगितलं. वॉल्ट पहिल्यांदा हसला.

बाबांच्या हाताची थरथर वॉल्टने बघितली. गाडीकडे गेला आणि दोन हातांनी धरायची लांब काठी घेऊन आला. ती फेकायला मनगट लागत नाही, सगळं अंग लागतं. फेकायची रीत अशी, की दोरी प्रवाहात तिरकी टाकायची, माशीला वाहत अलीकडच्या काठाला येऊ द्यायचं, मग एक पाऊल खाली सरकायचं आणि पुन्हा टाकायची. एका जागी उभं राहायचंच नाही. कारण मागे दुसरा माणूस वाट बघत असतो, त्यालाही तेवढंच पाणी मिळायला हवं. बाबांना हे पटायला दिवस गेला. रेवदंड्याला एका दगडावर बूड टेकलं की चार तास तिथेच. "दर फेकीला पाऊल? ही मासेमारी आहे का प्रदक्षिणा?" असं म्हणत होते, पण संध्याकाळपर्यंत त्यांची दोरी माझ्यापेक्षा दुप्पट लांब जायला लागली होती. माझी दोन वेळा माझ्याच टोपीत अडकली.

सगळ्यात महत्त्वाचा नियम वॉल्टने चिखलात बोटाने मासा काढून समजावला. या नदीत दोन प्रकारचे सॅमन येतात. एक अस्सल जंगली, ते सोडायचेच, आणि सोडताना पाण्याबाहेरसुद्धा काढायचे नाहीत. दुसरे हॅचरीचे, म्हणजे टाकीत वाढवून नदीत सोडलेले. ते घरी न्यायला परवानगी आहे. ओळखायचं कसं? पाठीवरचा मोठा पर दोघांनाही असतो. पण त्याच्या मागे, शेपटीच्या अलीकडे, बोटाच्या पेराएवढा एक छोटा पर असतो. हॅचरीवाले पिल्लू असतानाच तो कापून टाकतात. छोटा पर असेल तर सोडायचा, पाठ साफ असेल तर आपला.

बाबा लगेच म्हणाले, "हां, म्हणजे बकरीचा कान कापून खूण करतात तसं." त्यांना एका वाक्यात कळलं. मी फोनवर फोटो काढला, नोट्समध्ये लिहून ठेवलं, ठळक अक्षरांत.

सोमवार

सोमवारी बाबांनी जे केलं ते फक्त रेवदंड्याचाच माणूस करू शकतो.

रविवारी रात्रीच्या जेवणात मार्थाने उकडलेली कोळंबी वाढली होती. सोमवारी सकाळी बाबांच्या माशीचं वजन जरा जास्त वाटतंय म्हणून वॉल्टने दोरी ओढून हातात घेतली, तर पिसांच्या आत, अगदी नीट दुमडून, अर्धी कोळंबी. बाबांनी पेपर नॅपकिनमध्ये बांधून दोन कोळंब्या खिशात आणल्या होत्या.

वॉल्टने ती बघितली. मग एवढा हसला की खोकला लागून त्याला दगडावर बसावं लागलं. "असं करायचं मनात माझ्याही कितीदा आलंय," तो म्हणाला. बाबाही हसत होते.

मी हसले नाही. या बीटवर आमिष लावायला बंदी होती, हे लायसन्सच्या कागदांबरोबर मी तीनदा वाचलं होतं. माझी ग्रीन कार्डची फाइल चौदा वर्षं रांगेत आहे. चौदा वर्षं मी सिग्नल पिवळा झाला तरी गाडी थांबवते. मी वॉल्टसमोरच बाबांवर ओरडले, "बाबा, हे रेवदंडा नाहीये! इथे रूल्स असतात! तुम्हाला काय, तुम्ही परत जाल. दंड झाला तर माझ्या नावावर लागेल. कितीदा सांगायचं तुम्हाला?"

बाबांनी खिशातली दुसरी कोळंबी काढली आणि झुडपात टाकून दिली. "बरं," एवढंच म्हणाले.

आणि नेमका अर्ध्या तासाने हिरव्या युनिफॉर्ममधला माणूस झाडीतून खाली आला. मासेमारी खात्याचा अधिकारी. लायसन्स बघितलं, पकडलेल्या माशांची नोंद करायची कार्डं बघितली, बाबांची माशी तळहातावर घेऊन निरखली. माझे पाय पाण्यात असूनही घाम फुटला होता. सगळं ठीक होतं. तो बाबांना "गुड लक, सर" म्हणून निघून गेला.

"भला माणूस वाटला," बाबा म्हणाले.

"भला होता कारण कोळंबी नव्हती!" मी म्हटलं. तेही ओरडूनच.

त्यानंतर आठवडाभर बाबा काहीही करायच्या आधी माझ्याकडे बघायचे. दोरी टाकू का, इथे उभा राहू का, हा दगड हलवू का. माझ्या तेव्हा ते लक्षात आलं नाही. उलट मला वाटलं, बरं झालं, शिस्त लागली.

बुधवार

मंगळवारी काहीच घडलं नाही, पाऊस सोडून. बुधवारी आयडाहोच्या धाकट्या भावाला मासा लागला. आम्ही सगळे काठाने धावलो. चांगला हातभर लांब सॅमन, पोट चांदीसारखं आणि कुशीवर लाली चढायला लागलेली. वॉल्टने पाण्यातच त्याची पाठ बघितली आणि मान हलवली. छोटा पर नव्हता. हॅचरीचा. ठेवायचा.

बाबा पाण्यात वाकले आणि विचारलं, "हात लावू?" अर्थात आधी माझ्याकडे बघून. मी मान डोलावली. त्यांनी अंगठा मोठ्या परापासून शेपटीपर्यंत हळूच फिरवला, मग परत फिरवला. "साफ आहे. नुसती एक गाठ लागते बारीक," म्हणाले. कणीक सैल आहे की घट्ट हे आई जशी बोट लावून बघायची तसा त्यांचा चेहरा झाला होता.

संध्याकाळी त्या भावाने अर्धा मासा कागदात गुंडाळून आमच्या टेबलावर आणून ठेवला. मी म्हटलं, "बाबा, घ्या. हाच तो सॅमन. तुमचा मसाला आहे, आमसुलं आहेत, करा कालवण. झालं काम."

"दुसऱ्याने पकडलेला कसा घ्यायचा?"

"त्याने काय फरक पडतो? चव तीच ना!"

"मी पकडून आणला तर तू माझ्या घरी जेवायला आलीस," बाबा म्हणाले. "बाजारातून तर तू रोजच जेवतेस."

मला हा हट्ट वाटला. अजून दोनच दिवस उरले होते, आणि बाबांच्या गळाला तोवर एक पानसुद्धा लागलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात जोडून मासा परत केला. ते भाऊ बिचारे गोंधळले. मार्थाने तो लोणी-लिंबू लावून भाजला आणि सगळ्यांना वाढला. बाबांनी एक तुकडा खाल्ला. म्हणाले, "मुंबईचे दुकानदार रावसाला इंडियन सॅमन म्हणून विकतात. त्या दोघांचा काही संबंध नाही, सांग तुझ्या मैत्रिणींना." सांगितलं.

गुरुवार

गुरुवारी नदी चढली. पाणी गढूळ, मासेमारी बंद. वॉल्टने काठावर ताडपत्री बांधली आणि खाली शेकोटी पेटवली. नदी डोळ्यांसमोर तपकिरी होत वाहत होती, पलीकडच्या काठावर सांबरासारख्या मोठ्या हरणांचा कळप येऊन उभा राहिला आणि बघता बघता धुक्यात गेला. मी चहा ओतत होते. बाबा म्हणाले, "तुझी आई गेल्यावर गळ टाकावासा वाटलाच नाही. आणून द्यायचा कुणाला?"

मला तेव्हा विचारायचं होतं. तीन वर्षं विचारायचं होतं की बाबा, मी आले नाही त्याचा तुम्हाला राग आहे का. तोंडापर्यंत आलं होतं. आणि घड्याळात बघितलं तर माझ्या ऑफिसच्या स्टेटस कॉलला दहा मिनिटं उरली होती. सुट्टी होती हो माझी! पण रिलीज होतं, आणि मी नसले तर टीम गोंधळ घालेल, असं मला नेहमी वाटतं. लॉजच्या एकाच कोपऱ्यात नेटवर्क यायचं. मी म्हटलं, "बाबा, आलेच हं." दीड तासाने परत आले.

तोवर बाबा आणि वॉल्ट एकाच ओंडक्यावर बसून गाठी मारत होते. बाबांना इंग्रजी पोस्टातल्या फॉर्मांपुरतं येतं आणि वॉल्टला मराठी यायचा प्रश्नच नाही, पण दोघांचं बरं चाललं होतं. बाबा खाडीवरची गाठ शिकवत होते. थरथरत्या हाताने दोरा ओवला जाईना, तेव्हा वॉल्टने दोऱ्याचं टोक धरून ठेवलं. गाठ बाबांनी मारली. मी जवळ गेले तसं बाबा म्हणाले, "झाला कॉल? झालं सगळं नीट?" मी म्हटलं, झालं. मघाचा विषय पुन्हा निघाला नाही. मी काढला नाही.

शुक्रवार

शेवटचा दिवस. पाणी उतरून हिरवट झालं होतं. वॉल्ट म्हणाला, याच दिवसाची वाट बघत होतो, चढलेल्या पाण्याबरोबर नवे मासे वर आले असणार. दुपारी तीनपर्यंत काही नाही. बाबांचे ओठ थंडीने काळे पडले होते. वॉल्टने मला जाळी दिली आणि गरम कॉफीचा थर्मास आणायला वरच्या गाडीकडे गेला. जाताना बाबांच्या पाठीवर थाप मारून गेला.

टाक, वाहू दे, पाऊल. टाक, वाहू दे, पाऊल. आणि तिसऱ्या पावलाला बाबांची काठी वाकली.

"लागला!" बाबा ओरडले. "सुमे, लागला गं!"

ती हाक मी पस्तीस वर्षांपूर्वी गल्लीच्या तोंडावरून ऐकली होती, ती तशीच होती. रीळ किंचाळत होतं. मासा पलीकडच्या काठाला गेला, तिथून उडाला, पाण्यावर आडवा आपटला, खाली गेला. बाबांनी घाई केली नाही. तो ओढेल तेव्हा देत होते, थांबेल तेव्हा घेत होते. हात थरथरत होताच, पण काठीही थरथरत होती, त्यामुळे कोणाचं काय ते कळत नव्हतं. मी काठावरून "सावकाश बाबा, डावीकडे बाबा" असं वाट्टेल ते ओरडत होते. मला त्यातलं काय कळतंय! पंधरा-वीस मिनिटांनी मासा दमून अलीकडच्या उथळ पाण्यात आला आणि मी जाळी त्याच्या खाली सारली. केवढा मोठा होता! त्या आयडाहोवाल्याच्या माशापेक्षा नक्कीच मोठा.

बाबा गुडघ्यांवर बसले. पाण्यातच एका हाताने शेपटीचा देठ धरला आणि दुसरा हात पाठीवर ठेवला.

मी वाकून बघितलं. पाण्यावर आभाळ चमकत होतं, मासा तडफडत होता, आणि मला पाठीवर पर दिसला. स्पष्ट उभा पर. माझ्या डोक्यात एकदम तो हिरवा युनिफॉर्म आला. झाडीत काहीतरी हललं असंही वाटलं.

"वाइल्ड आहे बाबा! पर आहे! सोडा, लवकर सोडा, वर उचलू नका!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "नक्की?"

"बाबा, प्लीज! परत तमाशा नको. सोडा ना!"

त्यांनी अजून क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग माशाच्या जबड्यातून गळ हलकेच सोडवला, वॉल्टने शिकवल्याप्रमाणे त्याचं तोंड प्रवाहाकडे केलं आणि त्याला दम येईपर्यंत धरून ठेवलं. माशाने शेपूट हलवली. बाबांनी हात उघडला.

वॉल्ट थर्मास आणि फोन हातात घेऊन काठावर उभा होता. "जंगली?" त्याने विचारलं.

"जंगली," मी म्हटलं.

त्याने टोपी काढून बाबांना सलाम केला. बाबांनी ओल्या हाताने त्याच्याशी हस्तांदोलन केलं. "छान होता," ते मराठीत म्हणाले. कॉफी घेताना अर्धी त्यांच्या हातातून सांडली.

मला खरंच वाटलं होतं की त्यांना समाधान झालं. संध्याकाळी फोनवर नवऱ्याला सांगितलंसुद्धा, "पकडला रे, हा एवढा! सोडून दिला, पण पकडला." आम्ही निघताना मार्थाने मसाल्याची पुडी आणि आमसुलं बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती माझ्या पर्समध्ये टाकली. "राहू दे तुझ्याकडे," म्हणाले.

नंतर

बाबा नोव्हेंबरात रेवदंड्याला परत गेले. डिसेंबरात वॉल्टचा ईमेल आला. चार ओळींचा. तुझे वडील फार चांगले मासेमार आहेत, त्यांची गाठ मी आता रोज वापरतो, त्या दिवशी काठावरून काढलेला एक फोटो पाठवायचा राहून गेला होता, तो सोबत जोडलाय.

फोटो सुंदर आहे. बाबा गुडघ्यांवर, मागे हिरवं पाणी, मी जाळी घेऊन वाकलेली, आणि दोघांच्या मध्ये मासा कुशीवर कलंडलेला. मी कौतुकाने मोठा करून बघायला लागले. बाबांचा चेहरा बघितला, मग मासा. पाठीवरचा मोठा पर उभा होता. तोच मला दिसला होता, जो सगळ्याच माशांना असतो. त्याच्या मागे, शेपटीपर्यंत, काही नाही. आणि त्या रिकाम्या जागेवर बाबांचा अंगठा.

माझ्या फोनच्या नोट्समध्ये ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं सगळं. चौदा वर्षं नियम पाळणारी बाई मी, आणि नियम काय आहे हेच त्या क्षणी बघितलं नाही. घाबरायचं तेवढं घाबरले. मी दोन दिवस फोटो कोणालाच दाखवला नाही. तिसऱ्या दिवशी बाबांना व्हिडिओ कॉल केला.

"बाबा, त्या माशाला छोटा पर नव्हता."

"हो ना," बाबा म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अंगठा फिरवला होता की मी. साफ पाठ होती."

"मग बोलला का नाहीत? बाबा, तुमचा मासा होता तो! कालवणासाठी गेलो होतो ना आपण? एक शब्द बोलायचात!"

मागे कुणाच्या तरी घरचा कुकर शिट्ट्या देत होता.

"तू फार घाबरली होतीस गं," ते म्हणाले. "तुझी आई गेली त्या दिवशी फोनवर तुझा जो आवाज होता ना, तोच आवाज होता. मग कसा सांगू? तेव्हा म्हटलं येऊ नको. आता म्हटलं जाऊ दे मासा."

मला रडू आलं. फोनसमोरच रडले, लहान मुलीसारखी. जे गुरुवारी शेकोटीपाशी विचारायचं होतं ते विचारलं, की बाबा, तुम्हाला माझा राग आला होता का तेव्हा. बाबा म्हणाले, "राग नाही. वाट बघितली होती. नको म्हटलं तरी माणूस वाट बघतोच."

मी म्हटलं, "ऑक्टोबरात परत जाऊ बाबा. मी आत्ताच बुकिंग करते. तुम्ही मेमध्येच या."

"बघू," बाबा म्हणाले. "तो मसाला मात्र टाकून देऊ नको हं. फ्रीजरमध्ये वर्षभर टिकतो."

फोन त्यांनी डाव्या हातात धरला होता. उजवा हात त्यांनी सबंध वेळ स्क्रीनवर दिसू दिला नाही.